बापूजी शिंदे यांची एकुलती विद्यार्थिनी

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना १८८२ या वर्षापाशी आपल्याला थोडे थांबावे लागते. त्या वर्षी पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' हा छोटेखानी निबंध छापला गेला. लेखिका ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. या निबंधावर गेल्या पन्नासेक वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. स्त्रीवादी समीक्षेने तो आपला मानला, सत्यशोधक परंपरेच्या अभ्यासकांनी आपला मानला, आणि दोघांचेही बरोबर आहे. प्रस्तुत लेखात मला लिहायचे आहे ते मात्र ताराबाईंपेक्षा त्यांना शिकवणाऱ्या माणसाविषयी. त्याचे नाव बापूजी हरी शिंदे. ते ताराबाईंचे वडील. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. पेशाने ते शिक्षक नव्हते.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाला काय मिळते, या प्रश्नाची आपल्याकडची उत्तरे ठरलेली आहेत: विद्यार्थी रस्त्यात भेटून वाकून नमस्कार करतो, मोठा अधिकारी झालेला एखादा जण जाहीर सभेत नाव घेतो, निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ मिळते. या सगळ्याला मोल नाही असे कोण म्हणेल? पण हे सारे शिक्षकाच्या पदाशी बांधलेले आहे. पद वजा केले, पगार वजा केला, वर्गही वजा केला, तर शिकवण्यातून उरते काय, हे पाहायचे असेल तर बापूजींइतके उघडे उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात थोडेच सापडेल. त्यांच्या या शिकवणीतून ज्ञात अशी विद्यार्थिनी एकच बाहेर पडली. तिने ज्ञात असे पुस्तक एकच लिहिले. आणि ते पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षे विस्मरणात गेले होते.

त्या काळचे बुलढाणे कसे होते हे थोडे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. वऱ्हाड प्रांत १८५३च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. सार्वभौमत्व नावापुरते हैदराबादचे, महसूल आणि कचेऱ्या इंग्रजांच्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरचे, हवेला थंड असे हे गाव साहेबाला राहण्याजोगे वाटले आणि जिल्ह्याचे ठाणे झाले. व्यापार मात्र घाटाखाली. १८६७पर्यंत मुंबईहून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला होता. मलकापूर, शेगाव ही स्टेशने त्याच मार्गावरची. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून निघणारा फाटा १८७०मध्ये सुरू झाला. घाटावरच्या बुलढाण्यात कचेरी होती, न्यायालय होते, कारकुनांची वस्ती होती. पुण्या-मुंबईहून एखादे पुस्तक किंवा वृत्तपत्र मागवले तर ते आगगाडीने मलकापुरापर्यंत येणार आणि तेथून घाट चढून वर. ग्रंथसंग्रह, छापखाना, वादसभा, मासिकाचे कार्यालय, यांतले पुण्यात जे सहज हाताशी होते ते येथे नव्हते. अशा ठिकाणी एका कारकुनाने आपल्या मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले.

ताराबाईंचा जन्म साधारणतः १८५०चा धरतात. पाच भावंडांत त्या एकट्या मुलगी, बाकी चौघे भाऊ. घर मराठ्यांचे, म्हणजे स्त्रियांच्या बाहेर पडण्यावर कडक निर्बंध असलेले. बापूजी स्वतः सत्यशोधक विचाराचे आणि जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातले. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, म्हणजे तोवर ताराबाई विशीच्या पुढे गेलेल्या. त्यांचे शिक्षण समाजाच्या स्थापनेच्या आधीच बहुतांशी पार पडलेले असणार. हा कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. समाजसुधारणेचा कार्यक्रम म्हणून मुलीला शिकवले, असे आपण सहज लिहून जातो. येथे शिकवणे आधीचे आहे, संस्था नंतरची.

ताराबाईंचे लग्न झाले, पण नवरा घरजावई म्हणून आला. त्यामुळे त्या वडिलांच्या घरीच राहिल्या आणि शिंदे हेच नाव पुढेही लावत राहिल्या. मूलबाळ झाले नाही. माहेरी राहता आले म्हणून अभ्यास सुटला नाही, असे म्हणता येईल. त्या काळात मुलीच्या शिक्षणाचा शेवट बहुधा सासरच्या उंबऱ्यावर होत असे. तो उंबरा बापूजींनी (किंवा परिस्थितीने) आपल्याच घरात आणून ठेवला.

निबंधाचे निमित्त ठाऊकच आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने आपल्या अर्भकाचा जीव घेतला. १८८१मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती रद्द होऊन काळ्या पाण्याची झाली. या प्रकरणावर वृत्तपत्रांतून जी चर्चा उसळली तिचा रोख विधवेच्या एका गुन्ह्यावरून सगळ्या स्त्रीजातीच्या चारित्र्याकडे वळला. 'पुणेवैभव'सारख्या पत्रांतला हा मजकूर बुलढाण्यात वाचला जात होता. ताराबाईंनी उत्तर दिले ते त्याला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बापूजींनी नेमके काय शिकवले, कसे शिकवले, याची टिपणवही आपल्यापुढे नाही. आपल्यापुढे आहे ती विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका. आपण परीक्षक मंडळी एरवी अभ्यासक्रम हाती घेऊन उत्तरपत्रिका तपासतो. येथे उलट करावे, उत्तरपत्रिकेवरून अभ्यासक्रम मांडावा. असे केले की एका घरगुती शाळेचे चित्र बरेच स्पष्ट उभे राहते.

पहिली गोष्ट संस्कृतची. निबंधाच्या मुळाशी स्त्रीचे दुर्गुण एकापाठोपाठ एक मोजणारा एक संस्कृत श्लोक आहे. ताराबाई त्याला सरसकट धुडकावून लावत नाहीत. त्या त्याचे एकेक पद उचलतात, त्याचा अर्थ लावतात आणि तो दोष पुरुषांत कसा अधिक आढळतो ते दाखवतात. ही पद्धत टीकाकाराची आहे, शास्त्र्यांच्या घरी चालणाऱ्या पदच्छेदाची आहे. श्लोक नुसता पाठ असून हे जमत नाही. श्लोक फोडायला कोणी तरी शिकवावे लागते. मजा अशी की त्या काळात असा श्लोक मुलीच्या कानी पडायचा तो तिने मान खाली घालावी म्हणून. येथे तो व्याकरणासह शिकवला गेलेला दिसतो, आणि व्याकरण एकदा हाती आले की मान खाली घालणे अवघड होते.

याच ठिकाणी एका शब्दाविषयी सांगून ठेवतो, कारण आजचा विद्यार्थी तेथे हटकून अडखळतो. निबंधाच्या उपशीर्षकात स्त्री आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हा प्रश्न आहे. आजच्या मराठीत साहसी म्हणजे धाडसी, गिर्यारोहण करणारा. त्यामुळे वर्गात हमखास कोणी तरी म्हणते की बाई स्त्रीला अधिक शूर ठरवत आहेत. ताराबाईंच्या वेळी या शब्दाला संस्कृत धर्मशास्त्रातला जुना अर्थ अजून चिकटून होता: परिणामाची पर्वा न करता केलेले अविचारी, गुन्हेगारी कृत्य. म्हणजे प्रश्न असा की खरा बेफाम गुन्हेगार कोण? फाशीच्या शिक्षेच्या पार्श्वभूमीवर हा शब्द निवडण्यात जी धार आहे ती आजच्या अर्थाने वाचताना पार बोथट होते.

दुसरी गोष्ट पुराणांची. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोचे प्राण परत आणायला यमाकडे गेलेला एखादा नवरा कोणी ऐकला आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न त्या विचारतात. देवादिकांच्या वागण्याचा हिशेबही त्या मांडतात. हे साहित्य तर कीर्तनातून, पोथीतून घराघरात होते. त्यासाठी बापूजी कशाला हवेत? खरे आहे. पण ऐकलेल्या कथेला प्रतिप्रश्न करण्याची मोकळीक ज्या घरात मिळते ते घर शाळाच असते. श्रोत्याला वाचक करण्याचे काम कोणी तरी केलेले आहे.

तिसरी गोष्ट मला, मराठीचा अध्यापक म्हणून, सर्वांत नवलाची वाटते. ताराबाई त्यांच्या काळातले ताजे मराठी साहित्य वाचत होत्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची, 'मनोरमा' नाटक १८७१चे. आपण आज मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासात ज्यांची नावे शिकवतो ती ही पुस्तके ताराबाईंना समकालीन होती, आणि त्यांतल्या स्त्रीचित्रणाचा त्या समाचार घेतात. लेखक स्त्रीचे दुर्गुण रंगवून सांगतात, पण ज्या पुरुषामुळे ती त्या अवस्थेला आली तो सुटतो कसा, असा त्यांचा रोख आहे. साहित्यकृतीत लेखकाची नजर कोठे उभी आहे हे तपासणारी ही समीक्षा आहे. मराठीत कादंबरी हा प्रकार रांगत असतानाच घाटावरच्या एका घरात त्याची चिकित्सा चालू होती! आपल्या मराठी समीक्षेच्या इतिहासात 'स्त्रीपुरुषतुलने'ला या अंगाने जागा मिळायला हवी होती. सामाजिक निबंध म्हणून तिचा गौरव करताना हे अंग दुर्लक्षित राहिले, असे माझे मत आहे. या कादंबऱ्या त्या घरात आल्या कशा, याचे उत्तर मात्र साधे असावे. कचेरीत नोकरी करणाऱ्या आणि वाचणाऱ्या बापाने त्या आणल्या, आणि मुलीने वाचण्याजोगे काय व न वाचण्याजोगे काय अशी निवड केली नाही. वाचनालय नसलेल्या गावात शिक्षकाचे निम्मे काम एवढेच असते.

चौथी गोष्ट मात्र बापूजींच्या खात्यावर टाकता येणार नाही, आणि ती टाकू नये. निबंधाची भाषा. ती बोलती आहे, समोरच्या पुरुषाला थेट 'तुम्ही' म्हणून जाब विचारणारी आहे, म्हणींनी आणि टोमण्यांनी भरलेली आहे. माजघरात, विहिरीवर, जात्यावर बायका जे बोलतात त्याचा ठेका तिच्यात आहे. तर्खडकरी व्याकरणातून किंवा मेजर कँडीच्या क्रमिक पुस्तकांतून असे गद्य येत नाही. हे शिक्षण दुसऱ्या शाळेतले. तेथील शिक्षिकांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत. बापूजींचे श्रेय असलेच तर एवढे की मुलीच्या हाती लेखणी देताना त्यांनी तिची ही भाषा 'शुद्ध' करून टाकली नाही. आपल्यापैकी किती जणांना हे साधते, हा प्रश्न मी लाल शाईचे पेन हातात असताना स्वतःला विचारत असतो.

शिकवण्याचे फळ म्हणून मी ज्याकडे बोट दाखवतो आहे ते हे. विद्यार्थ्याने शिक्षकाचे म्हणणे नेमके परत सांगितले तर परीक्षेत गुण मिळतात. पण ते फळ नव्हे, प्रतिध्वनी आहे. ताराबाईंनी जे लिहिले ते बापूजींच्या वर्तुळातल्या पुरुषांनाही सहज पचणारे नव्हते. बालविवाह, केशवपन, ब्राह्मणी धर्माचे जोखड यांवर सत्यशोधक मंडळी बोलत होतीच. ताराबाईंनी मात्र बोट ठेवले ते सगळ्या पुरुषांवर, त्यांत सुधारकही आले आणि मराठ्यांची खानदानी घरेही आली. विधवांना पुनर्विवाह नाकारणाऱ्या रूढीचा हल्ला करताना आपल्याच जातीतले मोठेपण त्यांनी आड येऊ दिले नाही. परिणामी सत्यशोधक वर्तुळातल्याही काहींनी या पुस्तकाला नाके मुरडली.

तेव्हा बाजू घेतली ती जोतीरावांनी. १८८५मध्ये त्यांनी 'सत्सार' या नावाने छोट्या पुस्तिका काढल्या. त्यांत पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेल्या गदारोळाचा समाचार आहे, आणि ताराबाईंच्या पुस्तकाला नावे ठेवणाऱ्यांचाही. ताराबाईंचा उल्लेख ते घरच्या लेकीसारखा करतात. स्वतःच्या सहकाऱ्यांना चार शब्द सुनावायला ते कचरत नाहीत. १८४८पासून शाळा काढणारा हा माणूस होता. विद्यार्थिनीने शिक्षकांच्या पलीकडे जाऊन बोलणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता: त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला होता. त्या मुलीचा पुढचा मागमूस इतिहासाला फारसा लागत नाही. निबंध उरला. ताराबाईंचेही थोड्याफार फरकाने तेच झाले. टीकेनंतर त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिल्याचे दिसत नाही. साधारण १९१०च्या सुमारास त्या वारल्या.

येथे रमाबाईंचे नाव आले आहे तर एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. १८८२ हेच वर्ष. रमाबाई बंगालातून पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केली आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचीही शाळा घरगुतीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी आपल्या गुरूबरोबर पेशव्यांच्या वाड्यात गेले असता तेथे स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांचा रोष झाला, तेव्हा गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाईंना प्रत्यक्ष शिकवले ते लक्ष्मीबाईंनी, कारण तोवर अनंतशास्त्री थकले होते. १८७४च्या आसपास दुष्काळात आणि भटकंतीत आईवडील दोघेही गेले. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले तेव्हा तिचे दोन्ही शिक्षक हयात नव्हते. एका वाड्यातला पाठ, तो पाहणारा शिष्य, त्याची पत्नी, तिची मुलगी: तीन पिढ्यांच्या या साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला आले ते काम, आणि फळ पुढच्याच्या दारात.

एवढे लिहून झाल्यावर एक धोका नमूद केला पाहिजे. शिक्षकाचे 'खरे' वेतन हे असे अमूर्त असते, असे म्हणणाऱ्यांचा मला नेहमी संशय येतो. ५ सप्टेंबरच्या भाषणांत हे वाक्य ज्या सफाईने येते त्यामागे बहुधा मूर्त वेतनाचा विषय टाळण्याची सोय असते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून हेही सांगितले पाहिजे की बापूजींचे घर कारकुनीच्या पगारावर चालत होते. मुलीला शिकवण्यावर त्यांची चूल अवलंबून नव्हती. आणि शिक्षणाचे मोल ज्यांना सर्वांत अधिक कळले होते त्या जोतीरावांनी याच १८८२ साली हंटर आयोगाला जे निवेदन दिले त्यात शिक्षकाच्या पुण्याईचा नव्हे, पगाराचा आकडा घातला: प्राथमिक शिक्षकाचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ ते २० असावा. शिक्षक शेतकऱ्यांच्या मुलांतून तयार व्हावेत, वेळ पडली तर नांगराला हात लावायची त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांचे म्हणणे होते. पगार आणि फळ या दोन गोष्टी त्यांनी एकाच तागडीत कधी घातल्या नाहीत.

याच जिल्ह्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही मराठी साहित्याला दिली आहे. सदानंद देशमुख हे चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे, बुलढाण्याच्या महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केलेले. त्यांच्या 'बारोमास'ला (२००२) साहित्य अकादमीचा २००४चा पुरस्कार मिळाला. शेतीच्या अरिष्टाची कादंबरी म्हणून ती वाचली जाते, आणि ती आहेच. पण तिच्या नायकाकडे अध्यापकाच्या नजरेने पाहिले तर वेगळेच काही दिसते. एकनाथ शिकलेला आहे, मास्तर होण्याची पात्रता त्याच्याजवळ आहे. नाही ती संस्थेला द्यायची रक्कम. १८७०च्या बुलढाण्यात एक माणूस शिक्षक नसताना शिकवतो. २००२च्या बुलढाण्यात एक माणूस शिक्षक असूनही त्याला शिकवू दिले जात नाही. जोतीरावांना अपेक्षित होता तो नांगराला हात लावणारा शिक्षक. एकनाथाच्या हाती नांगर आहे, वर्ग नाही. किती ताराबाई आणि किती मुक्ताबाई अशा न भरलेल्या वर्गांमुळे निबंध न लिहिताच राहिल्या असतील, याची मोजदाद होणे शक्य नाही.

पुन्हा पुस्तकाकडे वळू. 'स्त्रीपुरुषतुलना' विस्मरणातून बाहेर आली ती कशी? १९६९मध्ये महात्मा फुले समग्र वाङ्मयाचे संपादन धनंजय कीर आणि डॉ. स. गं. मालशे यांनी केले. त्यात 'सत्सार' आहे, आणि 'सत्सार'मध्ये ताराबाई आहेत. पुढे १९७५ साली मालश्यांनीच 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रसिद्ध केली. ते वर्ष जगभर आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले जात होते, हा योग चांगलाच जुळला. मालशे मराठीचे प्राध्यापक, जुन्या कागदपत्रांत रमणारे संशोधक. त्यानंतर विलास खोले यांनी निबंधाचे संपादन केले. तेही मराठीचे प्राध्यापकच. १९९१मध्ये सुझी थारू आणि के. ललिता यांच्या 'विमेन रायटिंग इन इंडिया' या संग्रहात ताराबाईंचा उतारा इंग्रजीत आला. १९९४मध्ये इतिहासकार रोझालिंड ओ'हॅन्लन यांनी संपूर्ण निबंधाचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमार्फत प्रसिद्ध केला. आज जगातल्या अनेक विद्यापीठांत, बुलढाणा नकाशावर कोठे आहे हे ठाऊक नसलेले विद्यार्थी तो वाचतात.

ही नावे ओळीने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. या पुस्तकाला जिवंत ठेवणारे बहुतेक सगळे जण शिकवणारे आहेत. प्रकाशनव्यवसायाने ते टिकवले नाही, वाचकांच्या मागणीने टिकवले नाही, घराण्यानेही नाही, कारण ताराबाईंना वारसच नव्हता. कोणाला तरी ते वर्गात सांगावेसे वाटले म्हणून ते टिकले. बापूजी, जोतीराव, मालशे, खोले: यांतल्या पहिल्याने पुस्तक लिहिणारी घडवली, दुसऱ्याने तिची पाठराखण केली, तिसऱ्या-चौथ्याने तिला पुन्हा वाचकांपुढे उभे केले.

एम.ए.च्या वर्गात हा निबंध शिकवताना मी अलीकडे एक स्वाध्याय देतो. वहीच्या पानाचे दोन रकाने करायचे. निबंध वाचता वाचता पहिल्या रकान्यात बापूजींच्या घरात कोणती पुस्तके असली पाहिजेत त्यांची यादी करायची, आणि दुसऱ्यात जे पुस्तकांतून आलेले नाही ते लिहायचे. पहिला रकाना सगळ्यांचा थोड्याफार फरकाने सारखाच भरतो, पुराणे, श्लोक, 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', वृत्तपत्रे. वर्गात आता मुली अधिक असतात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, मोताळा अशा ठिकाणांहून येतात, पुष्कळजणी घरातल्या पहिल्या पदवीधर. दुसऱ्या रकान्यात त्या निबंधातल्या म्हणी लिहायला लागतात आणि मग न सांगता खाली आपल्या आजीच्या तोंडच्या लिहितात. त्यांतल्या काही मला ठाऊक असतात. बऱ्याचशा नसतात, आणि मी त्या माझ्या वहीत उतरवून घेतो.